कलम चारमधल्या माफीची दुरुस्ती

१२ ऑक्टोबरला केलेल्या मृत्युपत्रात, कलम चारमध्ये, माझे सांगलीचे चुलतभाऊ मतीन यांनी मला सगळ्या गोष्टींची माफी दिली आहे, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तो कागद मी फाडलेला नाही. त्या वाक्यावर एक रेघ मारून तो यासोबत जोडला आहे.

मी, सिमरन बादशहा मुलाणी, वय २४, राहणार सातारा, शिरवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीस. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. १४ नोव्हेंबरला नानी मदिनाबी यांच्यासोबत मक्केला, उमराहला निघते आहे. परत येईनच, तरी लिहून ठेवते.

१. आमच्या कायद्याने मृत्युपत्रातून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येतं. बँकेतली शिल्लक, स्कूटर आणि कानातलं अब्बा-अम्मींना त्यांच्या वाट्याप्रमाणे जावं. पुढच्या वस्तू तिसऱ्या हिश्श्यात बसतात. दोनदा पडताळलं आहे.

२. माझं व्हर्नियर कॅलिपर कारखान्यातली माझी सहकारी साक्षी हिला द्यावं. तिने ते एकदा पाडलं आणि सुपरवायझरना माझं नाव सांगितलं. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. कलम चार लिहिल्यावर तो राग धरून ठेवणं मला जमत नाही. मापाआधी शून्य तपासायला मात्र तिला सांगावं.

३. निळी वही धाकटी बहीण कशिशला. दम्यामुळे दुसरीपर्यंत माझी शाळा घरीच होती, त्या वेळची ही वही. अब्बा खोडरबर देत नसत. म्हणायचे, "एक रेघ मार. खाली काय चुकलं ते दिसलं पाहिजे."

४. नवा कन्सोल आणि त्यातला गेम मतीनभाईंना.

हा गेम जुन्या कन्सोलवर आला आणि नव्यावरही. लेथवर उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर मतीनभाई जुन्यावर तो खेळायला लागले, आधी हाताचा व्यायाम म्हणून. दोन वर्षांत, उरलेल्या बोटांनी, ते समुद्रातल्या किल्ल्याच्या शेवटच्या दारापर्यंत पोचले. दारामागे अजगर होता. तिथे ते थांबले. "तू नवा कन्सोल घे, मग त्याच्यावर दोघं मिळून मारू. चित्र लय भारी दिसतंय म्हणं," असं म्हणाले आणि जुना कन्सोल माझ्याकडे ठेवून गेले.

मी नवा घेतला. त्यांचा खेळ त्यावर नीट उतरला. उतरलाय का, एवढंच बघायचं होतं. मी दार उघडलं. अकरा वेळा मेले, बाराव्यांदा अजगर मेला. गेमने ते आपोआप नोंदवून ठेवलं. मागे जाता येईना. त्यांना कळेल म्हणून मी त्यांचा सगळा खेळ पुसून टाकला, दोन्हीकडून.

त्यांना सांगितलं, "जुन्यात काहीच नव्हतं. दुरुस्तीत गेलं असेल बहुतेक."

जुना कन्सोल माझ्याकडे ठेवण्याआधी त्याची दुरुस्ती त्यांचे मित्र इंद्रजित यांनी केली होती. मतीनभाई रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसायचे. चौदा महिने झाले, त्या गल्लीतून जातसुद्धा नाहीत. मी 'बहुतेक' म्हटलं होतं, या आधारावर मी इतके दिवस झोपले.

उमराहआधी आमच्यात नातेवाइकांकडे जाऊन माफी मागतात. ऑक्टोबरमध्ये नानीसोबत मी सांगलीला गेले. मतीनभाई हसले. "तुझं सगळं माफ. लहानपणी कॅरमची राणी ढापायचीस, ती पण माफ."

नानी म्हणाल्या, "आणखी काय असंल तर बोलून टाक गं."

मी म्हटलं, "काही नाही."

काय माफ करतो आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं. ती माफी मी परत करते आहे.

५. हे ऐकून मतीनभाई माझ्याशी बोलले नाहीत, तरी कन्सोल त्यांचाच. आणि मी सांगण्याआधी मला काही झालं, तर कलम चार अब्बांनी त्यांना आणि इंद्रजित यांना एकत्र बसवून वाचून दाखवावं. मऊ करून सांगू नये.

साक्षीदार:
१. हरिबा कदम, निवृत्त सुभेदार, शेजारी (सही)
२. क्रांती शिंदे, शिक्षिका (सही)

सही: सिमरन बादशहा मुलाणी
सातारा, बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

सही झाल्यावर हरिबाकाका म्हणाले, "कागद झाला पोरी. सांगणार कवा?" त्यांच्या देखत लिहिते: सकाळच्या एसटीने सांगलीला जाईन, मतीनभाईंना घेऊन इंद्रजित यांच्या दुकानात जाईन आणि दोघांसमोर सांगेन. जाण्याचा दिवस: रविवार, ९ नोव्हेंबर.