चुना धरलेली माणसं

३ एप्रिल, सेनगाव
तांडा सोडून आज लेकाच्या नव्या घरी आले. मी पारुबाई. मला अक्षर येत न्हाई. मी सांगते, नात पुजा लिहिते. तिला शाळेनं रोजनिशी लिहायला लावलीय. तिच्याजवळ वही, माझ्याजवळ तोंड, जमलं आमचं.
घर झकास. नळ अकरा, पण धार शेळी मुतावी एवढीच. लेक बाबूसिंग म्हणाला, बोअरचं पाणी जड, पायपात चुना धरतो. धंदाच त्याचा तो: लोकांच्या पायपातला क्षार तेजाबानं काढायचा. मी विचारलं, मग स्वतःच्या घरचा काहून ठेवलास? सून शिला पदराआड हसली. सून चांगली हाय, चहात साखर हात आखडून घालत न्हाई.

६ एप्रिल
आज घरचे पाईप पंपानं तेजाब फिरवून धुतले. बाबूसिंगनं एक तुकडा कापून दाखवला. अंगठा जाईल एवढं भोक, पण आत दगडच झालेला, काडीबी जाईना. त्यातला खडा त्यानं तेजाबात टाकला. फसफसला आन् गायब. लहानपणी गुळाकडं बघायचा तसा बघत राहिला.
दुपारी नळ सोडले तर पाणी धो धो. मी दोनदा न्हाले. कुणी विचारलं तर एकदाच सांगायचं.

१० एप्रिल
शिलाच्या पाठीत कळा. हिंगोलीला फोटो काढला, मुतखडा निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाले. परतताना बाबूसिंग जीपमध्ये तो फोटो उजेडात धरून बघत बसला. मग म्हणाला, म्हणजे तोच चुना की.
मी म्हटलं, मग लाव बायकोला पंप. सगळी जीप हसली. तो हसला न्हाई.

१३ एप्रिल
त्यानं कोंबडीचं हाड ग्लासात तेजाबात घालून ठेवलंय. जेवताना त्याच्याकडंच बघतो. आज काढून वाकवून दाखवलं, रबरासारखं वाकलं.
शिलाच्या गोळ्या फेकून दिल्या. सकाळी तांब्यात तेजाबाचे थेंब टाकून पाजून राहिला. पायपाला घालतो त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणतो. मी तिला कानात सांगितलं, पिऊ नको बाई. ती म्हणाली,
“नवरा हाय माझा, वैरी थोडाच हाय.”

१६ एप्रिल
शिलाला उलट्या. लाल. आवाज बसला, खुणेनं बोलते. तो म्हणतो, सुटून राहिला खडा, पाईपबी आधी घाणच टाकतो. पोटच्या लेकाचे पाय धरले मी, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं.
संध्याकाळी एकटाच आला. शिलाला नांदेडला हलवलं, घशात नळी हाय, एवढंच सांगितलं. डॉक्टरला काय सांगितलं विचारलं तर हात धुवायला गेला.
जीपमधली ती चेष्टा माझीच. पुजा, हे खोडू नको, राहू दे.

१८ एप्रिल
पुजाला घेऊन तांड्यावर जायचं म्हणून गाठोडं बांधलं. फाटकाला कुलूप. फोन त्याच्या खिशात. भिंतीवरून शेजारणीला, नीलाबाईला, हाक मारली — तो आधीच सांगून बसलाय, म्हातारीला भ्रम झालाय. ती हसून आत गेली.
तो माझ्यापाशी बसला. गुडघा दाबला, कान लावला. कटकट वाजला. म्हणाला,
“याडी, इथंबी चुना धरलाय.”

१९ एप्रिल
याडी म्हणजे आई. किती मायेनं म्हणतो —
मी काही पीत न्हाई. पुजालाबी पिऊ देत न्हाई.
आज ओट्यावर दोन तांबे. दुसरा कुणाचा, म्हणून विचारलं. त्यानं पुजाला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं. दातांवर पिवळे डाग हायत लेकराच्या. बोअरच्या पाण्याचे.
बोटानं घासून बघितले त्यानं. निघाले न्हाईत.

२० एप्रिल
सकाळ. समोर बसलाय. तांबे मध्ये.
पुजाला म्हणतो आजीचे हात धर. पुजा म्हणाली, लिहून राहिले — एवढं पान होऊ द्या. शाळेचं हाय.
त्यानं पान बघितलं. बरं म्हणाला. पान होऊ दे.
पुजा, थांबू नको. अक्षर बारीक काढ. ओळी दाटीनं लिही. पान त्याला दिसून राहिलं —
समासातबी लिही. काहीबी लिही, शिलाचं नाव लिही, तांड्याचं, तुझं, कोपरा राहिलाय तिथं माझं —
त्यानं तांब्या उचल