वरून खाली कोरलेली कबर

३ ऑक्टोबर
नागपूरच्या ऑफिसनं नवं काम दिलं. सौदीच्या वाळवंटात, हेग्रा इथं, नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून कबरी केल्या. फोटोंवरून एकीचा दर्शनी भाग रेखाटायचा. इथं सानगडीत, घरी बसून होईल. आईला आता एकटं सोडता येत नाही. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा.

४ ऑक्टोबर
माथ्यावर दोन अर्धे जिने — मधून निघून दोन्ही कडांकडे चढत गेलेले. खाली खोल पन्हळ. मग खांब, भिंतीतून जरासेच पुढे आलेले. दरवाजा त्या मानानं एवढासा. सगळं एकाच खडकात, जोड कुठेच नाही.

६ ऑक्टोबर
जागेश्वरदादा आला होता. माझा चुलतभाऊ. आईनं माझ्यासमोरच त्याला सांगितलं, "आग तूच देजो बाबू. मले पोरगा नाही."
मी चहा ठेवायला गेले. पाणी आटलं तरी तिथंच उभी होते. बाबा गेल्यापासून तिचं सगळं मीच करते. हागणं-मुतणंसुद्धा. आग तेवढी चालत नाही माझ्या हातची.

७ ऑक्टोबर
खांब झाले. आईशी कामापुरतं बोलले.

९ ऑक्टोबर
आईला टेकवून बसवलं. तिची नजर स्क्रीनवर गेली.
"खालची बाजू अशी खडबडीत काहून?"
"वरून खाली कोरत यायचे, आई. पायथ्याशी पोचायच्या आधीच काम थांबलं."
"कोनं केलं?"
"एका बाईनं करवून घेतलं. दारावर कोरलंय — स्वतःसाठी आणि आपल्या मुलींसाठी."
"पोरगा नोहोता का तिले?"
"माहीत नाही. नावं मुलींचीच आहेत."
बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निजव मले."

१२ ऑक्टोबर
चंदाताई जवाहरनगरहून आली. आईनं जागेश्वरदादाला बोलावून घेतलं आणि आम्हा दोघी बहिणींना ओसरीत बसवलं. तो बाहेर आला तो माझ्याकडे न बघता गाडी काढून गेला. ताई म्हणाली, "तेरवीचं बोलले असतील." मी आईला विचारलं नाही. राग अजून गेलेला नाही.

१७ ऑक्टोबर
आई काल पहाटे गेली. तलावाकाठी चितेजवळ सगळे जागेश्वरदादाकडे बघत होते. त्यानं पेटती पेंढी माझ्यापुढे धरली.
"घे. काकीनं मले बजावलं होतं — आग माही डिंपल देईल. गावाशी मी बोलतो."