कालवं आणि सुमनची बोटं

बुधवार, जेवणं झाल्यावर

आज भाट्याच्या खाडीतली शिंपल्यातली कालवं आणली, सुमनच्या संधिवातासाठी. संधिवात असलेल्यांच्या रक्तात जस्त कमी सापडतं आणि कालवांत ते भरपूर असतं, हे मी स्वतः एका लेखातून वाचून काढलेलं. कॉलेजचं तोंड न बघता. डॉक्टरांच्या गोळ्या महिनाभर कपाटात तशाच आहेत, कारण मीच म्हणालो होतो, आधी दुखण्याचं मूळ शोधू.

ताट पुढे ठेवलं तर सुमन हसली. "अहो, वेळणेश्वरची मी. माहेरी एक वेळ भाजी नसायची, पण कालवं असायचीच. मग हे सांधे धरलेत कोणाचे, शेजारणीचे?"

माझी नजर तिच्या बोटांवर गेली. तिच्या उजव्या तर्जनीचा मधला सांधा सुजून चकाकत होता.

नंतर तोच लेख पुन्हा काढला. खाली स्पष्ट लिहिलंय: अंगात सूज असली की जस्त रक्तातून यकृताकडे ओढलं जातं. म्हणजे जस्त कमी होणं हे कारण, की दुखण्याचा परिणाम? ही ओळ मी वाचली होती. सोयीची नव्हती म्हणून सोडली का? आणि त्या महिनाभरात तो तर्जनीचा सांधा किती वाकला?

तिला म्हटलं, "गोळ्या सुरू कर. माझं वाचन कमी पडलं."

"तुम्ही म्हणायचीच वाट बघत होते."

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं प्रमाण दोनदा वाचलं. पाकिटातली गोळी तिच्या बोटांनी दाबून निघेना. मी काढून तिच्या तळहातावर ठेवली.