वास नसलेली चटई

१२ जानेवारी १९९७

सौम्याचा फोन. न्यू जर्सीहून, चार मिनिटं. पोंगलचं काही विचारलं नाही, एकदम म्हणाली, "आई, एक चटई धाड. योगासनांसाठी." तिथे रबराच्या, प्लास्टिकच्या मिळतात, पण गुंडाळी सोडली की वासानेच तिला उलटी होते. डॉक्टरने सांगितलंय — केमिकलपासून लांब राहा, हलकी आसनं कर, ओझं उचलू नको.

उलटी. ओझं नको. मी फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजले.

हे म्हणाले, "योग करायला अमेरिकेत जायचं आणि चटईला तंजावुरात यायचं. सरी, बरं!"

१३ जानेवारी

आमच्यात पाचवा महिना लागेपर्यंत कुणी बोलत नाही. मुलगी सांगत नाही, आई विचारत नाही. विचारलं तर दृष्ट लागते. म्हणजे इतक्या लांब जाऊन पोरगी रीत विसरलेली नाही.

लग्नाला चार वर्षं झाली. तेवढीच वर्षं तिला डोळ्यांनी पाहिलं नाही. 'येते' म्हणत नाही, मला 'ये' म्हणत नाही. विचारलं की जावयाची, हरिप्रसादची नोकरी, व्हिसा, सुट्टी. पण पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. आता यायलाच हवं.

यांना तमिळ वाचता येतं, इंग्रजी येतं, देवनागरी नाही. वही उघडी राहिली तरी भीती नाही.

२१ जानेवारी

बाजारात तीन दुकानं पालथी घातली. पहिल्यात नवीनच आलेली फोमची, निळी. "फॉरिन माल, मामी. लाइफटाइम!" नाक लावलं — नव्या रेक्झिनच्या बॅगेसारखा वास. दुसऱ्यात कोरै गवताची, लाल-हिरवी, सुरेख. ओला रुमाल घासला तर रुमाल लाल. तिसऱ्यात बिनरंगी होती. झटकली तर पांढरी पूड उडाली. किडे मारायची पावडर! दुकानदार म्हणाला, "सगळेच टाकतात, मामी." टाकोत. माझ्या लेकीला त्यावर तोंड टेकून श्वास घ्यायचाय.

घरी आल्यावर यांचं, "एवढी चौकशी जावई बघतानाही केली नव्हतीस."

२६ जानेवारी

काखेत कळसा नि गावाला वळसा. आमच्या कामवालीची नणंद राजम तिरुवैयारूजवळ चटया विणते. सकाळच्या बसने गेले.

अंगणात कोरै वाळत पडलं होतं. मी अटी सांगितल्या — रंग नको, पावडर नको, ताण्याला नायलॉन नको, सुतीच दोरा हवा. "सुती लवकर झिजतो, अम्मा." झिजू दे. "रुंदी किती?" सौम्याने दोन फूट सांगितली होती. मी तीन सांगितली. पोट वाढलं की कुशीवर वळायला जागा लागते. राजमने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिच्याकडेही तीच रीत असणार.

परतताना बसमध्ये उगाच डोळे भरून आले. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली, धूळ जाते म्हणून.

९ फेब्रुवारी

राजमचा निरोप नाही. घाई केली तर वीण सैल पडते म्हणे. घाई मलाच आहे.

१६ फेब्रुवारी

चटई आली! वाळल्या गवताचा वास, बाकी कसलाच नाही. ओला रुमाल घासून पाहिला, पांढराच राहिला. हे बाहेर गेल्यावर कूडत्तात, मधल्या दालनात पसरली आणि मीच तिच्यावर आडवी झाले. इतकी आठवण आली पोरीची. अंग दुखेपर्यंत आली. तिचे केस विंचरायला मिळावेत, एवढंच. लांब केसांचा तिला किती कंटाळा यायचा.

शेजारची सीतालक्ष्मी अमेरिकेला मुलाकडे निघाली आहे, तिच्याबरोबर धाडते.

८ मार्च

पोचली. "आई, खरंच वास नाही गं. दिवसभर तिच्यावरच पडून असते." आवाज फार थकलेला. पहिले महिने असेच असतात. जिभेवर आलेलं गिळलं.

२० मार्च

काचेच्या बांगड्या आणल्या, हिरव्या आणि लाल. सातव्या महिन्यात तिच्या हातांत भरायला. लवकर आहे, कळतं मला. कपाटात साड्यांखाली ठेवल्या.

६ एप्रिल

माझ्या हिशेबाने पाचवा लागून आठवडा झाला. तरी पोरगी गप्प. आज मीच फोन लावला. सरळ विचारलं, "कधी येतेस? नंतर विमानात घेत नाहीत म्हणे."

ती म्हणाली, "कुणाला घेत नाहीत, आई?" मी म्हटलं, "अगं, पोटुशी बाईला." मग फोन हरिप्रसादच्या हातात. "आई, उद्या सकाळी सगळं सांगतो."

७ एप्रिल

बाळ नाही. छातीत गाठ होती. ऑक्टोबरात ऑपरेशन झालं, तेव्हापासून औषधं चालू आहेत, उलट्या त्यांच्याच. आईला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं, आणि मी इथे तीन महिने रीत पाळत बसले. शेवटी तिने फोन घेतला. म्हणाली, "आई, तू ये."