गुरुदासाचा वाटा

४ नोव्हेंबर १९५८
गुरुदासाचं बारावं झालं. जेवायला अख्खी देवबाग! भात बाबलीने रांधला, पानं बाबलीने मांडली, आणि तू जेवलास काय रे, असं बाबलीला कोणी विचारलं नाही. इतकी वर्षं दोघे एका घरात, एका चुलीवर, एका अंथरुणात — वाडीला ठाऊक होतं. गुरुदास जिवंत होता तोवर सगळ्यांचे डोळे मिटलेले. तो बुडाला आणि लगेच सगळ्यांना दिसायला लागलं!

७ नोव्हेंबर
रापणीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्याची, रीत — घोव मेला की त्याच्या वाट्याचे मासे बायकोला. आणि वाटा ज्याचा, घर त्याचं. म्हणून गुरुदासाचा भाऊ सत्यवान वाळूवर हजर. भावाला कधी पेज विचारली नाही, पाटी मात्र मोठी आणली!
मी रापणीच्या म्होरक्याला, लवू तांडेलाला म्हटलं, हा वाटा बाबलीचा.
सगळे हसले. लवू म्हणाला, "सुगंधाबाय, तेंचा लगीन खंय झाला?"
"तुमी होऊक दिला असतास?"
लवू मासे वाटायला वळला.
माझं झालं होतं ना, भटासमोर! त्या नवऱ्याने दारू पिऊन माझे दात पाडले. त्याचा वाटा मला बिनबोभाट मिळतो. बाबली लंगडा पाय ओढत गुरुदासाची जाळी शिवायचा, तापात त्याला भरवायचा. ते लग्न नव्हे! बरं बाबांनो. शहाणे तुम्ही.

८ नोव्हेंबर
आज कोणाशी बोलले नाही. वाडीला बरं वाटलं असेल.

११ नोव्हेंबर
लवूचा टोमणा — "बायलेचो वाटो व्हयो ना बाबल्या? मगे जा, रांडांच्या रांगेत बस!"
आम्हा विधवांची रांग वेगळी, वाळूच्या टोकाला. वाटलं, हा आता मान घालून मसुऱ्याला आपल्या गावी जाणार. बाबलीने पाटी उचलली. आला. माझ्या आणि मथुरेच्या मध्ये बसला. पुरुषांनी शिट्ट्या घातल्या. "कपाळ पूस रे बाबल्या!" मथुरा त्याला एवढंच म्हणाली, "पाय लांब कर. दुखतलो."
पाटी रिकामीच राहिली. गुरुदासाची आई यशोदा आमच्याच रांगेत, पाठ करून बसलेली. "माझ्या झिलाक खाल्लान, आता मासे खावक इलो." म्हातारीची जीभ म्हणजे शिंगाळा माशाचा विषारी काटा!

१५ नोव्हेंबर
बाबली रोज येतो, रोज रिकामा जातो. मी माझ्यातले बांगडे देऊ केले. घेईना. "माका मासे नको गो. तेचा नाव घेऊन माका हाक मारूक व्हयी."
मग काय! मी माझी पाटी पालथी घातली. लवूला म्हटलं, गुरुदास बाबलीचा कोणी नव्हता, तर माझा मेलेलाही माझा कोणी नव्हता. मथुरेनेही पाटी पालथी घातली. तुळसेनेही. विधवांनी वाटा उचलल्याशिवाय तांडेलाने आपला उचलायचा नाही, ही जुनी रीत. आता बस म्हणावं कावळे हाकत!
यशोदेने पाटी पालथी घातली नाही. पण उचललीही नाही.

१९ नोव्हेंबर
बाबली तापाने घरी. त्याची पाटी मीच रांगेत ठेवली. चार दिवस स्वतःचाही वाटा अडल्यावर आज लवूने तीत मासे टाकले, तोंड वाकडं करून पुकारलं — "गुरुदासाचो वाटो! तेच्या घरचा कोण आसा?"
सत्यवान पुढे धावला.
यशोदा उठली. पाटी डोक्यावर घेतली.
"सर रे. माझी सून तापान पडली आसा."