ब्रिक्समीटरशी बोलणं

मंगळ., ३ फेब्रु., देवळाली
कारखान्याचं ब्रिक्समीटर हातात आलं. उसाच्या रसाची गोडी मोजतं, पण स्क्रीन नाही. आकडा ब्लूटूथने फक्त मीटरवाल्या कंपनीच्या ॲपवर दिसतो. मला तो कारखान्याच्या ॲपात आणायचाय. कंपनीची लायब्ररी, म्हणजे मीटरशी बोलणारा तयार कोड, आहे; पण मी ज्यात ॲप लिहिते त्या फ्रेमवर्कला तो जोडणारा दुवा, बाइंडिंग, नाही. एका घरात राहून अबोला. गुरु. १२ला शेतकी अधिकाऱ्यांना दाखवायचं. नाही जमलं तर काम पुण्याच्या लोकांना, आणि मी नोकरीसाठी परत पुण्यात खोली शोधत.

बुध., ४
बाइंडिंग स्वतःच बनवायला घेतलं. बाकी सगळं आलं, नेमका आकडा देणारा भागच टूलने गाळला. आयफोनचं तर नावच नको. कंपनीला मेल टाकला.
जेवताना सुचलं, लायब्ररी मध्ये हवीच कशाला? मीटर हवेत बाइट्स सोडतंच ना. थेट ऐकावेत.

शुक्र., ६
ऐकू येतात. दर मोजणीला आठ बाइट्स. गोडी कुठल्यात? १० ग्रॅम साखर, ९० पाणी. मग १५-८५, मग २०-८०. तिसरा-चौथा मिळून बरोब्बर चढतो. शेवटचा मधूनच हलतो, का ते कळेना.
सासूबाई: "च्याला साखर ठिवशील का न्हाई?"
अण्णा, म्हणजे सासरे, कांडं चावत बघत होते. "ह्याला मशीन कशाला? दात हायेत की." मग स्वतःच रानातून तीन जातींचे ऊस घेऊन आले.

रवि., ८
सकाळी रानात माझा आणि कंपनीच्या ॲपचा आकडा तंतोतंत. दुपारी, त्याच फडात, माझा पाऊण ब्रिक्सने कमी. वैतागले.
अण्णा: "सकाळचा रस गार व्हता."
मला आधी का नाही सुचलं! रस तापला की आकडा घसरतो, आणि लायब्ररी ते गुपचूप दुरुस्त करत असणार. तो हलणारा आठवा बाइट म्हणजे तापमान.

मंगळ., १०
फ्रिजमधला पाक ८ अंश, उन्हातला ३४. मधल्या सगळ्या मोजण्या वहीत. कुठल्या तापमानाला किती दुरुस्ती, ते गणित बसलं. कंपनीच्या ॲपशी जुळतंय. फार दिवसांनी अशी मजा आली.

गुरु., १२
साहेबांनी स्वतः ऊस निवडले, पाचही आकडे जुळले. "छान. सोमवारपासून कारखान्याच्या सगळ्या गटांत चालू करा."
येताना गाडीवर अण्णा: "दुरुस्ती तू अकलेनं बसवलीया, हे सांगितलं का त्यास्नी?"
नाही सांगितलं. ३४च्या पुढे मी तपासलेलंच नाही, तेही नाही. मार्चात उन्हातला रस चाळीशीला जाईल. आकडा खोटा कमी आला तर ऊस कच्चा समजून त्या शेतकऱ्याची तोड मागे, ऊस वाळत उभा.

शुक्र., १३
कंपनीचं उत्तर अजून नाही. साहेबांना मेसेज केला: 'तापमानाची दुरुस्ती कंपनीची नाही, मी काढलेली आहे. ३४च्या वर तपासायची राहिलीय. तोवर दुपारी मोजू नये. दहा दिवस मिळतील का?'
काम गेलं तर गेलं, असं मात्र अजिबात वाटत नाहीये. मला हे काम हवंय.
दोन निळ्या खुणा आल्यात, म्हणजे साहेबांनी वाचलंय. दुपारपासून तेवढंच.