बाबांचा क्लोज-एंडेड फंड

३ जून, सकाळी ७
संकल्प: महिन्याभरात फंडांचा एक्स्पर्ट व्हायचं. बाबांना जाऊन अडीच महिने झाले, त्यांची गुंतवणूक आता मलाच सांभाळायची आहे. नॉमिनी अर्थात मीच असणार. ताई म्हणते, मृत्यूचा दाखला फंडाच्या ऑफिसात देऊन टाक एकदाचा, पैशांवाचून माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबलंय. बघू.

५ जून
अभ्यास सुरू. ओपन-एंडेड फंड: कधीही आत, कधीही बाहेर. क्लोज-एंडेड: सुरुवातीलाच आत शिरायचं, मग मुदत संपेपर्यंत दार बंद. बाबांचा हाच. स्वभावाला शोभेलसा. मुदत ३० सप्टेंबर. दोन पानं वाचून झोप लागली.

९ जून, संध्याकाळी ८.१५
ड्रॉवरमध्ये बाबांचा फोन थरथरला. रोज याच वेळी फंडाचा मेसेज येतो, युनिटचा आजचा भाव. बाबा तो मोठ्याने वाचायचे आणि "ठीक चाललंय" म्हणायचे. आता मी वाचतो. पुढचं मी म्हणत नाही, तरी ऐकू येतं. बायको म्हणते फोन बंद कर. मार्केटवर नजर नको ठेवायला?

२१ जून
दाखला दिला की फंडाकडचा बाबांचा फोन नंबर बदलणार, मेसेज बंद. तेव्हा घाई नको. याला लाँग टर्म स्ट्रॅटेजी म्हणतात. ताईला नीट समजावलं. तिने फोन आपटला.

१४ जुलै
ताईची कटकट थांबली. पटलेलं दिसतंय.

२ ऑगस्ट
भाव घसरला. आज "ठीक चाललंय" फार बारीक ऐकू आलं. भीती वाटली, खरं सांगतो. फोन उशाशी घेतला.

२६ सप्टेंबर
मुदतीआधी दाखला दिला नाही तर पैसे बाबांच्या गोठवलेल्या खात्यात अडकतील, असं बायकोने बजावलं. गेलो. काउंटरवरच्या बाईंनी रेकॉर्ड काढलं. नॉमिनी मी नाहीच, ताई! तिने जुलैतच दाखला दिलाय, युनिट तिच्या नावावर झालेत. मग मेसेज बाबांच्या फोनवर कसे, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, आम्हीही तुमच्या ताईंना नंबर बदला म्हटलं होतं. तर म्हणाल्या, "राहू दे तोच. माझ्या भावाला लागतो."
बाहेर पायरीवर बराच वेळ बसलो. डोळ्यांत धूळ फार जाते त्या रस्त्यावर.

३० सप्टेंबर
'फंडाची मुदत संपली. आभारी आहोत.' मोठ्याने वाचलं. पुढे काहीच ऐकू आलं नाही. ताईचं ऑपरेशन सोमवारी.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ८.२०
मेसेज नाही. चार्जर बिघडला असणार. उद्या नवीन आणतो.